आधीच्या भाडेकरूची थकबाकी आणि मीटरवरचे तीन आकडे

नव्या घरी राहायला येऊन जेमतेम चौथा दिवस होता, निम्मी खोकी अजून दोरीत बांधलेलीच होती, आणि सकाळी दार उघडले तेव्हा कडीत अडकवलेला एक कागद हाती आला. वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीची ती नोटीस होती. पत्ता आमच्याच घराचा, मीटर क्रमांकही आमच्याच मीटरचा, पण ग्राहक म्हणून नाव होते ते मला सर्वस्वी अनोळखी असलेल्या एका गृहस्थांचे. चार बिले थकलेली असून पंधरा दिवसांच्या आत सर्व रक्कम भरली नाही तर वीजजोडणी तोडण्यात येईल, एवढा मजकूर वाचून मी तिथेच उंबरठ्यावर बसले. माझ्या सासूबाईंना रात्री झोपताना श्वासाचे यंत्र लावावे लागते. त्यामुळे वीज तुटणे ही आमच्यासाठी केवळ गैरसोय नव्हती.

सुदैवाने ताबा घेतला त्या दिवशी, किल्ल्या हातात पडल्यावर आणि सामान आत येण्यापूर्वी, मी मीटरच्या पेटीसमोर उभी राहून एक छायाचित्र काढले होते. मागचे घर सोडताना तिथल्या मालकांनी शेवटचे रीडिंग लिहून मागितले होते, म्हणून इथले पहिले रीडिंगही टिपून ठेवावे असे वाटले होते, एवढेच. त्या छायाचित्रात मीटरचा क्रमांक आणि ४१,८६२ हा आकडा, दोन्ही एकत्र दिसत होते. हे दोन्ही एकत्र असणे फार महत्त्वाचे होते, कारण नुसता आकडा कोणत्याही मीटरचा असू शकतो आणि नुसत्या क्रमांकावरून काहीच ठरत नाही. पुढच्या अडीच महिन्यांत मी जेवढे कागद सादर केले, त्यांपैकी या एका छायाचित्राइतके कामी दुसरे काहीही आले नाही.

त्याच दिवशी मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने अत्यंत सौजन्याने सांगितले की या पत्त्यावर थकबाकी दिसते आहे, ती भरून टाकावी, म्हणजे जोडणी माझ्या नावावर करता येईल. थकबाकी माझी नाही, मी चार दिवसांपूर्वी राहायला आले आहे, असे सांगितल्यावर "निदान थोडी रक्कम भरा, म्हणजे तोडणीचा आदेश थांबेल," असा सल्ला मिळाला. मी खरे सांगते, त्या क्षणी रक्कम भरण्याच्या अगदी बेतात होते. सासूबाईंचे यंत्र डोळ्यांसमोर होते आणि भांडत बसण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे व्हावे, हा विचार अशा वेळी कोणाच्याही मनात येतो. मला थांबवले ते माझ्या धाकट्या भावाने. तो हिशेबनीस आहे. तो म्हणाला, "ताई, दुसऱ्याच्या खात्यात तू एक पैसा जरी भरलास, तरी उद्या तोच तुझ्या कबुलीचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. आधी वाद लेखी नोंदव, मग बघू." दुसऱ्याच्या देण्याचा छोटा हप्ता भरणे म्हणजे वेळ विकत घेणे, असे आपल्याला वाटते. वसुली करणाऱ्याच्या दफ्तरात मात्र त्याची नोंद 'या पत्त्यावरून भरणा सुरू झाला' अशी होऊ शकते, आणि त्यानंतर आपण परके आहोत हे पटवून देणे कितीतरी अवघड होऊन बसते.

वाद लेखी नोंदवायचा म्हणजे आधी नियम वाचणे आले. ज्याच्या नावावर करार आणि ज्याच्या काळात वापर, त्याचेच देणे, हे तत्त्व ऐकायला सरळ वाटते, पण ते सगळीकडे आणि सगळ्या सेवांना सारखे लागू नसते. काही ठिकाणी जुनी थकबाकी माणसाऐवजी जागेशी बांधलेली असते, विशेषतः पाण्याच्या बाबतीत आणि जोडणी मालकाच्या नावावर असते तिथे. म्हणून कोणी काय सांगितले यावर विसंबण्याऐवजी मी आमच्या पुरवठ्याच्या अटींची पूर्ण प्रत मिळवली आणि 'थकबाकी', 'जागेतील बदल' आणि 'तोडणी' हे तीन भाग शांतपणे वाचले. नव्या भाडेकरूचा आधीच्या ग्राहकाशी काही नातेसंबंध नसेल आणि ताब्याची तारीख कागदाने सिद्ध होत असेल, तर जुने देणे त्याच्याकडून मागता येणार नाही, असे आमच्या बाबतीत त्यात होते. लेखी वाद प्रलंबित असेपर्यंत तोडणी करू नये, हेही होते. फोनवर ज्यांनी मला थोडी रक्कम भरायला सांगितले, त्यांना बहुधा हे कलम माहीत नसावे. पडद्यावर त्यांना माझे नाव दिसतच नव्हते, दिसत होता तो फक्त पत्ता आणि त्यापुढची लाल रक्कम.

पत्र मी एका पानात बसवले. वर मीटर क्रमांक आणि नोटिशीचा क्रमांक, मग ताब्याची तारीख, त्या दिवशीचे रीडिंग, आणि शेवटी तीन मागण्या: ही थकबाकी माझ्या नावावर चढवू नये, वाद मिटेपर्यंत तोडणी थांबवावी आणि घरात वैद्यकीय यंत्रावर अवलंबून असलेली व्यक्ती असल्याची नोंद खात्यावर करावी. सोबत नोंदणी केलेला भाडेकरार, मालकीणबाईंच्या सहीची ताबापावती, मीटरचे छायाचित्र, आणि मागच्या घराचे शेवटचे वीजबिल जोडले. मागच्या घराचे बिल जोडण्याची सूचनाही भावाचीच. नोटिशीतल्या चारही महिन्यांत मी दुसऱ्या एका छताखाली राहत होते आणि तिथले पैसे भरत होते, हे त्यातून आपोआप दिसत होते. पत्र प्रत्यक्ष नेऊन दिले, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला, तक्रार क्रमांक वहीत लिहिला. आठवड्याभरात तोडणी स्थगित केल्याचे उत्तर आले आणि मी सुटकेचा श्वास घेतला.

तो श्वास अकाली होता. महिनाअखेरीस माझ्या नावाचे पहिले बिल आले आणि त्यात वापर दाखवला होता १,२०६ युनिट.

या घटनेविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण दुसऱ्याच्या नावाने आलेली नोटीस कोणीही ओळखतो, परंतु दुसऱ्याचा वापर जेव्हा आपल्याच नावाच्या बिलात येतो, तेव्हा तो ओळखणे सोपे नसते. बिल माझ्या नावाचे होते, तारखा माझ्या राहण्याच्या होत्या, थकबाकीच्या रकान्यात शून्य होते. वरवर पाहता सारे बरोबर होते. मी घाईत असते तर नव्या घराचा खर्च जास्त आला अशी मनाची समजूत घालून ते भरलेही असते. पण १,२०६ युनिट म्हणजे किती, याचा हिशेब मी कागदावर मांडला. एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण एक तास चालणे. तीस दिवसांत १,२०६ युनिट म्हणजे दिवसाला सुमारे चाळीस, म्हणजेच सोळाशे-सतराशे वॅटचा हीटर रात्रंदिवस, एक मिनिटही बंद न करता महिनाभर चालू ठेवण्याइतका वापर. दोन माणसांच्या आमच्या घरात, सासूबाईंचे यंत्र धरूनसुद्धा, ते शक्य नव्हते.

मग बिलावरचे 'मागील रीडिंग' पाहिले. तिथे ४०,७९० असे छापलेले होते. चालू रीडिंग होते ४१,९९६, आणि ते मीटरवर खरोखर तेवढेच होते. पण माझ्या छायाचित्रात तर ४१,८६२ होते! माझा स्वतःचा वापर होता केवळ १३४ युनिट, आणि उरलेले १,०७२ युनिट मी घरात पाऊल टाकण्यापूर्वीचे. त्यातही दर टप्प्याटप्प्याने चढत जाणारा असल्यामुळे परक्या युनिटांच्या ओझ्याखाली माझे १३४ युनिटही महागले होते.

तक्रार करण्यापूर्वी मीटर निर्दोष आहे ना, याची खात्री करून घेणे मला न्याय्य वाटले, नाहीतर कंपनीने तेच कारण पुढे केले असते. घरातला मुख्य स्विच बंद केला, तेव्हा मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला. म्हणजे शेजारच्या कोणाचा भार आमच्या मीटरवर नव्हता. मग फक्त हजार वॅटचा हीटर लावला आणि घड्याळ समोर ठेवून दिव्याची उघडझाप मोजली. आमच्या मीटरवर 'एका युनिटला ३,२०० स्पंद' असे छापलेले आहे, त्यामुळे हजार वॅटला मिनिटाला सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. मी तीनदा मोजले, दोनदा ५३ आणि एकदा ५२ भरले. मीटर प्रामाणिक होता. चूक मीटरमध्ये नसून कोणीतरी लिहिलेल्या एका आकड्यात होती.

हा आकडा कुठून आला, हे मला कार्यालयातल्या बिलिंगच्या खिडकीवर समजले. तिथल्या बाईंनी अर्धा तास खर्च करून आमच्या मीटरचा मागचा सारा इतिहास पडद्यावर काढून दाखवला, आणि या सगळ्या प्रकरणात मला मनापासून कृतज्ञता वाटते ती त्यांच्याविषयी. प्रत्यक्ष वाचलेले शेवटचे रीडिंग ४०,११८ होते आणि ते सात महिन्यांपूर्वीचे होते. त्यानंतर प्रत्येक महिन्यापुढे 'घर बंद' असा शेरा होता आणि आधीच्या सरासरीवरून महिन्याला ९६ युनिट गृहीत धरून बिल काढलेले होते. सात महिन्यांचे ६७२ मिळवले की ४०,७९० होतात. मी नाव बदलण्याचा अर्ज केला, तेव्हा जुने खाते याच गृहीत आकड्यावर बंद झाले आणि माझे खाते त्याच आकड्यावर उघडले. माझे पत्र आणि छायाचित्र वसुली विभागात होते. बिलिंगला ते पोहोचलेच नव्हते. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर, समोरासमोर होते.

सरासरीने काढलेले बिल ही सोय आहे आणि ती पूर्ण बंद करता येणार नाही, हे मला कळते. रीडिंग घेणाऱ्या माणसाला कुलूप दिसले तर तो तरी काय करणार? परंतु खाते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात असताना तरी अंदाज चालवून घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. एकाच माणसाच्या नावावर खाते असेल, तर या महिन्यात कमी धरलेले युनिट पुढच्या महिन्यात त्याच्याच बिलात येतात आणि अंदाजाची चूक आपोआप भरून निघते. माणूस बदलला की ती चूक भरून निघत नाही, ती नव्या माणसावर पडते.

बिलिंगच्या बाईंनी तपासणी रीडिंगचा आदेश काढला आणि विचारले, "आधीच्या भाडेकरूने जागा कोणत्या तारखेला सोडली? मधले दिवस कोणाचे?" हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मी आजवर दोनच माणसांचा विचार करत होते, ते गृहस्थ आणि मी. प्रत्यक्षात ते गेल्यावर आणि मी येण्यापूर्वी १९ दिवस घर रिकामे होते, आणि त्या दिवसांत रंगकाम झाले होते. म्हणजे हिशेबाला तीन वाटेकरी होते आणि त्यासाठी मीटरवरचे तीन आकडे हवे होते. माझ्याजवळ दोनच होते.

मालकीणबाईंना मी काकू म्हणते. त्या एकट्या राहतात आणि हिशेबाच्या बाबतीत चोख आहेत, पण त्यांनीही त्या दिवशीचे रीडिंग घेतलेले नव्हते. आधीच्या भाडेकरूंची अनामत रक्कमही त्यांनी केव्हाच परत केली होती. "चांगली माणसं होती गं, भाडं कधी एक दिवस उशिरा दिलं नाही त्यांनी. विजेचं विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही," असे त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या आणि त्यांना फार वाईट वाटत होते. भाडे वेळेवर येते म्हणजे बाकीची देणीही चुकती होत असतील, असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ओढगस्तीत माणूस आधी छप्पर सांभाळतो आणि बिले मागे टाकतो. कंपनीने मला त्या गृहस्थांचा नवा पत्ता आणि फोन विचारला होता. तो मला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी मी दिला नसता. काकूंनी स्वतः त्यांना फोन करावा, एवढी विनंती मी केली.

त्या फोनचा परिणाम मला अनपेक्षित होता. त्या गृहस्थांनी टाळाटाळ केली नाही. घर सोडण्याच्या दिवशी त्यांनीही मीटरचे छायाचित्र काढून ठेवले होते, ते त्यांनी काकूंना लगेच पाठवले. त्यात ४१,८०७ असा आकडा होता. नोकरी सुटल्यामुळे बिले मागे पडली, पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि कंपनीला नवा पत्ता कळवण्याचे धैर्य झाले नाही, असे त्यांनी काकूंना सांगितले. आता हिशेब पुरा झाला: १,०१७ युनिट त्यांचे, रंगकामाच्या दिवसांतले ५५ काकूंचे, आणि १३४ माझे. बेरीज बरोबर १,२०६.

मला इथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. माझे बिल दुरुस्त होणे याचा अर्थ त्यांचे देणे वाढणे, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट जाणवले. कंपनीच्या अंदाजात त्यांचे १,०१७ युनिट धरलेलेच नव्हते, आणि त्यांनी गप्प राहायचे ठरवले असते तर ते सिद्ध करणे कठीण गेले असते. दुसरीकडे रिकाम्या दिवसांचे ५५ युनिट त्यांच्या माथी बसणार होते, कारण कंपनीने त्यांचे खाते माझ्या ताब्याच्या दिवशी बंद केले होते. म्हणून दुरुस्तीच्या अर्जात मी फक्त माझ्यापुरते न मागता तिन्ही आकडे तारखांसह लिहिले, त्यावर काकूंची संमतीची सही घेतली, आणि थकीत ग्राहकाला हप्ते मिळू शकतात का, याची विचारणा त्यांनी स्वतः करावी असा निरोप काकूंकरवी पाठवला. पुढे त्यांना हप्ते बांधून मिळाल्याचे काकूंकडून कळले.

गॅस आणि पाणी यांत फारसे काही घडले नाही. गॅसचे खाते बंद करताना कंपनीच्या माणसाने स्वतः येऊन रीडिंग घेतले होते, त्यामुळे तिथे माझा प्रश्नच उद्भवला नाही. पाण्याची जोडणी काकूंच्या नावावर होती. तिथे थकबाकी होती ती जागेची, म्हणजे काकूंची, आणि त्यांनी ती भरून टाकली.

दुरुस्तीचा अर्ज दिल्यानंतरही एकदा वसुली संस्थेचा माणूस दारात आला. खाते वसुलीसाठी बाहेरच्या संस्थेकडे गेले की मूळ कंपनीत मिटलेला वाद त्या संस्थेला कळेलच असे नाही. मी त्याला आत घेतले नाही, पण आवाजही चढवला नाही. आधी त्याचे ओळखपत्र पाहिले, दारातच भाडेकरार आणि तक्रारीची पोच दाखवली, संदर्भ क्रमांक लिहून घेतला, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या संस्थेला व कंपनीला एकाच मजकुराचे पत्र पाठवले. तो तरुण मुलगा होता आणि उन्हातून आला होता. पाणी पिऊन निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

अडीच महिन्यांनी सुधारित बिल हाती आले. मागील रीडिंग ४१,८६२, चालू रीडिंग ४१,९९६, वापर १३४ युनिट. त्यासोबत आधीच्या खात्याशी माझा संबंध नसल्याचे कंपनीचे पत्र होते, आणि ते मी मागून घेतले होते. तोंडी 'झाले म्हणून समजा' यावर मी थांबले असते, तर वसुली संस्थेच्या पुढच्या माणसाला दाखवायला माझ्याकडे काहीच नसते. काकूंनी आमच्या भाडेकराराच्या मागच्या कोऱ्या पानावर तिन्ही रीडिंग तारखांसह लिहिले आणि खाली सही केली.

एका गोष्टीची मात्र मला आजही रुखरुख आहे. त्या गृहस्थांच्या नावाची पत्रे दर आठवड्याला येत असत. दुसऱ्याचे पाकीट फोडणे योग्य नाही, म्हणून मी एकही उघडले नाही. प्रत्येकावर 'या पत्त्यावर राहत नाहीत' असे लिहून ती टपालात परत टाकली. त्या वेळी मला ती सगळी थकबाकीचीच वाटत होती. प्रकरण मिटल्यावर काही दिवसांनी त्यांनी काकूंना फोन करून विचारले की एका मुलाखतीच्या बोलावण्याचे पत्र जुन्या घरी आले होते का. मला सांगता आले नाही. आता त्यांच्या नावाचे पाकीट आले की मी ते परत पाठवत नाही, त्याच दिवशी काकूंच्या हातात नेऊन देते.